चाकाला घातलेलं गाऱ्हाणं

मासे धरण्याच्या जगात एक यंत्र असं आहे, ज्यात यंत्र नाहीच. एक चाक, मधोमध एक पिन, चाकाला दोन छोट्या मुठी. संपलं. गिअर नाही, स्प्रिंग नाही, ब्रेक नाही. मासा ओढायला लागला की चाक फिरतं, आणि थांबवायचं असेल तर आपला अंगठा चाकाच्या कडेवर टेकवायचा. इंग्रज लोक याला सेंटरपिन म्हणतात आणि त्यावर जीव टाकतात. मी ते पहिल्यांदा मोबाइलवर पाहिलं. कमरेएवढ्या थंड पाण्यात उभा असलेला एक टोपीवाला म्हातारा, समोर वाहती नदी, पाण्यावर लाल टोकाची एक काडी डुलत चाललेली, आणि त्याच्या हातातलं चाक जराही आवाज न करता फिरतंय. व्हिडिओ संपेपर्यंत दुसरं काहीच घडलं नाही. मी तो पुन्हा पाहिला. पुन्हाही काही घडलं नाही. मी हातचा गेलोय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी लालबागला चाळीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. वय पन्नाशीच्या आसपास. नोकरी एका कुरिअर कंपनीत, हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी ऐकण्याची. दिवसभर मी लोकांना फोनवर सांगतो की तुमचं पार्सल वाटेत आहे. ते वाटेत नसतं. तेव्हा संध्याकाळी घरी आल्यावर हातात असं काहीतरी असावं, जे निदान आपल्या अंगठ्याचं तरी ऐकेल, एवढीच माझी इच्छा होती.

नाव कोरलेल्या नव्या सेंटरपिनची किंमत पाहून मी मोबाइल पालथा ठेवला. पण तो टोपीवाला म्हातारा मोठा भला माणूस. दुसऱ्या एका व्हिडिओत त्याचं म्हणणं, जुनी बिननावाची चाकं घ्या, स्वस्तात मिळतात आणि महागड्यांइतकीच फिरतात. जुनं आणि स्वस्त म्हटल्यावर मुंबईच्या माणसाचे पाय आपोआप जुन्या बाजाराकडे वळतात. शुक्रवारी सकाळी मी तिथे पोचलो. रस्त्यावर गोणपाट अंथरून बसलेल्या एका चाचांसमोर तुटक्या कुलपांच्या ढिगात ते पडलं होतं. काळपट ॲल्युमिनियमचं, एक मूठ पिवळी, एक काळी.

"ये क्या है, चाचा?"

"आपको क्या लगता है?"

"मालूम नहीं," मी खोटं बोललो.

"तो फिर ग्रामोफोन का पार्ट है."

मी चाकाला टिचकी मारली. ते फिरायला लागलं. चाचांनी एका गिऱ्हाइकाला पितळी समई विकली, दुसऱ्याशी भांडण केलं, चहा मागवला, चहा आला. चाक फिरतच होतं. चाचांनी बशीतून नजर वर केली आणि म्हणाले, "ले जाओ इसको. देख के चक्कर आता है."

घरी आणून मी ते रॉकेलने पुसलं, पिनीवर शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून फिरवलं. बायको आमटी वाढता वाढता थांबली. आमचं लग्न एकाच मजल्यावरचं, म्हणजे ती गॅलरीच्या त्या टोकाची आणि मी या टोकाचा. त्यामुळे लोकांसमोर ती मला अहो म्हणते आणि राग आला की थेट शाळेच्या वयातल्या 'तू'वर येते.

"हे काय आहे?"

"मासे धरायचं चाक."

"मासे कुठे आहेत?"

"ते यायचेत."

"तू आधी जेव," ती म्हणाली.

खरा प्रश्न तिचा नव्हता, तिच्या वडिलांचा होता. सासरे गॅलरीच्या टोकाच्या खोलीत राहतात. गिरणीतून निवृत्त झाले त्याला जमाना झाला, पण मालवणीतून अजून निवृत्त झालेले नाहीत. मी त्यांना मामा म्हणतो. मामांचं लहानपण खाडीकाठी गेलं. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बोटाला गुंडाळायचा, गळाला कोळंबी लावायची, पाण्यात सोडायची, मासा लागला की बोट सांगतं. त्याला चाक लागतं हे त्यांना मान्यच नव्हतं. ते माझं सेंटरपिन दोन्ही बाजूंनी बघून म्हणाले, "ह्येका ब्रेक खंय हा?"

"ब्रेक नसतो, मामा. अंगठा लावायचा."

"मग अंगठोच वापर. चाक कित्याक?"

मी चाक पुन्हा एकदा फिरवून दाखवलं. हा प्रश्न जगातल्या एकाही सेंटरपिनवाल्याला कोणी विचारला नसावा.

तरी मामांनी रीत सोडली नाही. आमच्याकडे घरात नवी वस्तू आली, मग ती मिक्सर असो की स्कूटर, की तिच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याने देवाला खणखणीत आवाजात सगळी हकिगत सांगायची, मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. रविवारी सकाळी गॅलरीत पाट मांडला, पाटावर चाक, चाकाला हळदकुंकू. शेजारपाजारचे जमले. बाजूच्या इमारतीतला माझा शाळासोबतीही आला. तो रेल्वेत सिग्नल खात्यात आहे. त्याच्या घरी बुद्धवंदना होते, गाऱ्हाणं नाही, पण आमच्याकडचा नारळ फुटला की खोबऱ्याला तो हजर असतो.

मामांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गॅलरी म्हणाली.

"गाव सोडून मुंबैक इलेली ही तुझी लेकरां आज तुझ्यासमोर उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या जावयान ह्यां चाक बाजारातसून हाडल्यान. कित्याक हाडल्यान, ता त्येचा त्येका म्हायत."

"व्हय म्हाराजा."

"त्येच्या हाताक यश दी. कोणाची वाकडी नजर असात तर ती काढून टाक."

"व्हय म्हाराजा."

"नारळी पुनवेच्या आत ह्या चाकान एक तरी मासो ह्या घरात येवंदे."

"व्हय म्हाराजा."

"आणि नाय ईलो, तर माझो जावय ह्यां चाक नारळाबरोबर दर्याक देतलो."

"व्हय म्हाराजा."

हे शेवटचं व्हय म्हाराजा सगळ्यांत मोठ्याने कोण म्हणालं असेल, तर मी. कामगार नाट्यस्पर्धेत मी पंधरा वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलेला माणूस. शिवाय गाऱ्हाण्याला आपल्याकडे कोणी कान देऊन ऐकत नाही. त्याची एक चाल असते, मामांचा आवाज खाली आला की आपला वर जातो. नारळ फुटला. मित्राने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि मला विचारलं, "तू आत्ता काय कबूल केलंस, कळलं का तुला?"

"काय?"

"मासा नाही आला तर चाक समुद्रात. सगळ्यांसमोर हो म्हणालास, येड्या. आणि वर हात जोडलेस."

मी मामांकडे पाहिलं. ते नारळाचं पाणी पीत होते.

"मामा, हे रद्द करता येईल का?"

"येतला," मामा म्हणाले. "खंय अर्ज करतलंस?"

माझी बायको एवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर उलटत होती. "अहो," ती म्हणाली, म्हणजे राग नव्हता, कीव होती, "नारळी पौर्णिमा श्रावणात येते. श्रावणात आपल्याकडे मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणजे तुमच्या हातात फक्त आषाढ आहे."

मामांचा चेहरा उजळला. "ह्यां माका सुचलांच नव्हतां," ते म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, एका जुन्या चाकाचं एवढं काय? पण तेलपाणी झाल्यापासून मी त्या चाकाचा पुरता गुलाम झालो होतो. पिवळी मूठ वर आली की ते क्षणभर घुटमळायचं आणि मग विचार करून पुढे जायचं. माझ्या आयुष्यात विचार करून पुढे जाणारी तेवढी एकच वस्तू होती.

घडीची एक काठी आणून मी सरावाला लागलो. सेंटरपिनने गळ लांब फेकणं ही एक वेगळीच कसरत. चाक आपणहून तंगूस सोडत नाही, म्हणून डाव्या हाताच्या बोटांनी त्याचे दोन-तीन सैल फास ओढून धरायचे आणि काठी झुलवताना नेमक्या क्षणी सोडायचे. नेमका क्षण चुकला तर तंगूस आपल्याच कानाभोवती. तरंगण्यासाठी मी देवळाबाहेरून मोरपीस आणून त्याचा दांडा कापला, टोकाला बायकोचं नेलपॉलिश लावलं. गळ न लावता गॅलरीच्या या टोकाहून त्या टोकाला फेकायला लागलो. पहिल्या आठवड्यात मी एक गंजी, एक उशीचा अभ्रा आणि मामांच्या खोलीची कडी धरली. मामांनी दार उघडलं, कडीत अडकलेलं मोरपीस पाहिलं आणि आत जाऊन मोठ्याने म्हणाले, "एरियल लागली. रेडिओ लावा रे कोणीतरी."

फेकणं जमलं तरी खरी अडचण पुढेच होती. सेंटरपिनला वाहतं पाणी लागतं. पाण्याने काडी पुढे न्यायची, काडीने तंगूस ओढायचा, तंगुसाने चाक फिरवायचं आणि आपण फक्त अंगठ्याने हो-नाही करायचं. आता परळ-लालबागमध्ये नदी कुठून आणायची? ती एका संध्याकाळी आपणहून आली. भर आषाढात मी ऑफिसातून परतत होतो, खांद्यावरच्या पिशवीत घडीची काठी आणि चाक. हिंदमाताच्या चौकात गुडघाभर पाणी. साड्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी होती आणि रस्त्यावरून पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला असं संथ, एकसारखं सरकत होतं की मी चालायचाच थांबलो. त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याची नदी. तीच.

मी एका दुकानाच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो, काठी जोडली आणि गळाशिवाय नुसतं मोरपीस पाण्यात सोडलं. ते डुलत निघालं. चाक फिरायला लागलं. बस स्टॉपवरून, दुभाजकाच्या कडेने, बंद पडलेल्या टॅक्सीला वळसा घालून लाल टोक चाललं होतं आणि माझ्या अंगठ्याखाली ॲल्युमिनियमची कड रेशमासारखी सरकत होती. मागे दुकानातला सेल्समन येऊन उभा राहिला.

"काय धरताय, साहेब?"

"काही नाही. गळ नाही लावलेला."

तो थोडा वेळ बघत राहिला. मग आत वळून म्हणाला, "शेट, काही नाही, ते नुसतंच करतायत." शेट बाहेर आले. तेही बघत राहिले. शेवटी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "मला जरा धरून बघता येईल?" मी त्यांना चाक दिलं. त्यांनी अंगठा लावला, सोडला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "किती बरं वाटतं हो." जगाने मला समजून घेतलं असं वाटलेली ती आषाढातली एकमेव संध्याकाळ.

बाकी आषाढ माहीमच्या खाडीवर गेला. ओहोटी लागली की खाडीचं पाणी समुद्राकडे वाहतं आणि नदीचा आव आणतं. मित्र आणि मी रविवारी कोळीवाड्याच्या कडेने दगडांवर जाऊन बसायचो. मी काडी सोडायचो, चाक फिरायचं, काडी दूर जायची आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन परत यायची. शेजारी बनियनमधला एक कोळी दादा पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर तंगूस गुंडाळून बसायचा. बाटली हलली की मासा. त्याची बाटली सारखी हलायची.

"दादा, तुमचं यंत्र भारी आहे," तो एकदा मला म्हणाला. "पण माशाला दिसत नाही ना ते."

"माशाला दाखवायचं नसतं."

"मग कोणाला?"

मित्र दुसरीकडे बघून हसला. त्याची हसण्याची पद्धत अशी की फक्त खांदे हलतात.

आषाढ संपला. शेवटच्या दिवशी, म्हणजे गटारीला, बायकोने बाजारातून सुरमई आणली. मामा जेवायला आमच्याकडे होते. त्यांनी पहिली तुकडी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसऱ्या तुकडीला मान हलवून म्हणाले, "बरी गावली ही. चाकाशिवाय."

श्रावण लागला. घरात कांदा-लसूणही बंद झाला. आणि इथे पेच असा, की मासा मिळाला तरी घरात येणार नाही, आणि घरात आला नाही तर चाक समुद्रात. बायकोला विनवून पाहिलं. ती म्हणाली, "तू चाकासाठी रडतोयस, हे दिसतंय मला. पण माझ्या आईने पाळलेला श्रावण मी खाडीतल्या एखाद्या शिंगाळ्या-बिंगाळ्या माशासाठी मोडणार नाही." मित्राकडे गेलो. तो म्हणाला, "माझ्या घरी आण. मला तुमचा श्रावणही नाही आणि गाऱ्हाणंही नाही."

"तुझ्या घरी आणून काय उपयोग? ह्या घरात असं म्हणालेत मामा."

"मग आधी मासा धर. कायदा नंतर बघू."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली आणि मित्रालाही टाकायला लावली. सोमवार होता. पौर्णिमेच्या सुमाराला समुद्राला उधाण असतं, भरती मोठी आणि ओहोटीही तशीच. दुपारी खाडीवर पोचलो तर पाणी अक्षरशः धावत होतं. चाकाला हवं होतं ते पाणी शेवटच्या दिवशी आलं होतं. पण आमिष नव्हतं. श्रावणात कोळंबी विकत घेऊन घरच्या पिशवीतून नेण्याची माझी छाती नव्हती आणि आणलेला पाव मित्राने वाटेत चहाबरोबर खाल्ला होता.

"डब्यात काय आहे?" मी विचारलं.

"तुझ्या बायकोने दिलीय ती. साबुदाण्याची खिचडी. तुझा उपास आहे ना?"

मी खिचडीचा चिकट गोळा केला. शेंगदाण्याचं कूट काढून टाकावं का, यावर आमची थोडी चर्चा झाली. मित्र म्हणाला, राहू दे, चव आहे. गोळा गळाला लावला, मोरपीस पाण्यात सोडलं. ते भरधाव निघालं. चाक फिरायला लागलं. मी अंगठा टेकवला, उचलला, टेकवला. दगडांच्या रांगेपाशी लाल टोक थांबलं, जणू काही आठवल्यासारखं, आणि पाण्याखाली गेलं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मी ओरडत होतो. चाक सुसाट फिरायला लागलं आणि पिवळी मूठ माझ्या बोटांच्या सांध्यांवर सटासट बसायला लागली. सेंटरपिनचा हा स्वभाव टोपीवाल्या म्हाताऱ्याने कधी सांगितला नव्हता. अंगठा भाजत होता. कोळी दादा आपली बाटली टाकून माझ्या शेजारी उभा राहिला. "सोडा, सोडा थोडा," तो म्हणायचा. "आता धरा. आता सोडा." मित्र मागून माझ्या पॅन्टचा पट्टा धरून उभा होता. शेवटी दगडावर जो आला तो चांगला हातभर शिंगाळा. मिशांचा, करड्या पाठीचा, आणि शिंगाळे पाण्याबाहेर काढले की करतात तसा कुरकुर आवाज करणारा. कोळी दादाने त्याचा विषारी काटा सांभाळून गळ सोडवला आणि तोंडातला साबुदाणा पाहून मान हलवली.

"उपास आहे का ह्याचा?"

मित्राने कोणाकडून तरी रंगाची रिकामी बादली मागून आणली. खाडीचं पाणी भरलं, शिंगाळा आत, वर माझा रुमाल. टॅक्सीवाल्याला आम्ही सांगितलं की बादलीत गंगाजल आहे. ते लालबागपर्यंत कुरकुरत होतं. टॅक्सीवाला एकदाच आरशात बघून म्हणाला, "गंगाजल को भूख लगी है शायद."

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. दाराच्या उंबऱ्यावर बायको उभी, पदर खोचून. गॅलरी भरलेली. मी बादली उंबऱ्याबाहेर ठेवली. एका बाजूला मामा खुर्ची टाकून बसले.

"मिळाला," मी म्हणालो. माझा आवाज हवा तसा लागला नाही.

"दिसतोय," बायको म्हणाली. "आत येणार नाही."

"जिवंत आहे. आपण खाणार नाही. नुसता येऊन जाईल."

"अहो, श्रावणात मासा म्हणजे मासा. जिवंत, मेलेला, सुकलेला, सगळा मासाच."

"मामा, तुम्ही काहीतरी बोला."

मामा बादलीत वाकून बघत होते. त्यांची नजर शिंगाळ्यावरून हलत नव्हती. मग म्हणाले, "हो निवाडो माझो न्हय. कौल घेवक व्हयो."

कौल म्हणजे आमच्या गावाकडे देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण पाषाण गावी. मामांनी विचार केला आणि ठरवलं की गाऱ्हाणं चाकाला घातलं होतं, तेव्हा कौलही चाकालाच लावायचा. काठी कठड्याला टेकवून उभी केली, चाक समोर, खाली बादली. जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून मामांनी एक उजवीकडे चिकटवली, एक डावीकडे. "उजवी पडली तर मासो घरात. डावी पडली तर चाक दर्यात," ते म्हणाले आणि हात काढून घेतला.

आता माझी चूक एवढीच, की मी त्या चाकाला दीड महिना रोज तेल देत होतो. उजवी पाकळी जरा मोठी होती. तेवढ्या ओझ्याने चाक हललं. उजवी पाकळी सावकाश खाली आली, डावी वर गेली. चाक थांबलं नाही. उजवी डावीकडे गेली, डावी उजवीकडे आली, मग परत. झोपाळ्यासारखं. सगळी गॅलरी मान इकडून तिकडे हलवत होती.

"आता उजवी कुठली?" शेजारच्या वहिनींनी विचारलं.

"आपली उजवी की देवाची उजवी?" दुसऱ्या कोणीतरी विचारलं.

"सिग्नल गंडलाय," मित्र म्हणाला. "गाडी सोडू नका."

मामांचा चेहरा गंभीर होता. हसू नका. त्या क्षणी माझं चाक दोन पाकळ्यांवर लटकलेलं होतं आणि दोन्ही पाकळ्या सगळीकडे होत्या. मी अंगठा पुढे केला. मामा म्हणाले, "हात लावू नको." मी अंगठा मागे घेतला.

मग एक पाकळी सुटली. चाकाच्या अगदी तळाला, ना उजवीकडे ना डावीकडे. ती सरळ बादलीत पडली. शिंगाळा वर आला, त्याने मिशा हलवल्या आणि पाकळी गिळली.

आतल्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"खंयची होती ती?" मामांनी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. चाकावर उरलेली पाकळी अजून फिरत होती.

"देवाचो कौल खाल्ल्यान ह्येनां," मामा हळूच म्हणाले. मग मान वर करून मला विचारलं, "गावलो कशावर?"

"खिचडीवर."

"कसल्या?"

"साबुदाण्याच्या. तुमच्या मुलीने केलेल्या."

मामा खुर्चीत मागे टेकले. गिरणीतल्या युनियनच्या सभेत ते कसे उभे राहत असतील ते मला त्या दिवशी दिसलं. "बाये," ते मुलीला म्हणाले, "सोमवारी साबुदाणो खाता. देवाचां फूल खाता. हो मासो श्रावण पाळता. तुझ्यापेक्षा कडक. तू सकाळी चाय घेतलंस, ह्येनां ती पण घेवक नाय."

बायकोने बादलीत पाहिलं. शिंगाळा कुरकुरला. गॅलरी श्वास रोखून उभी होती, म्हणजे मी रोखून उभा होतो आणि गॅलरी शेंगदाणे खात होती.

"मोरीत ठेवा," बायको शेवटी म्हणाली. "देवघराकडे तोंड करून नको. आणि उद्या सकाळी समुद्रात सोडायचा."

मी बादली उचलली आणि उंबरा ओलांडला. अर्ध्या गॅलरीने टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी विचारलं की आता आम्ही आंघोळी कशा करणार. त्या संध्याकाळी आम्ही हातपाय बाहेरच्या नळावर धुतले. बायकोने दुसऱ्या दिवसासाठी नारळीभाताची तयारी केली. मला वाटतं तिने त्याचा एक घास मोरीत नेऊन टाकला, पण ती अजून कबूल करत नाही.

सकाळी आम्ही दादरच्या चौपाटीवर गेलो. नारळ घेऊन आलेली गर्दी, वाळूत अगरबत्त्या. मी चाक सोबत नेलं नव्हतं. ते घरी भिंतीवरच्या खिळ्याला होतं आणि तिथेच राहणार होतं. मामांनी नारळ दिला, हात जोडले. मी गुडघाभर पाण्यात जाऊन बादली तिरपी केली. शिंगाळा बाहेर आला, आमच्या पायांभोवती एक फेरी मारली, काही विचारायचं राहिल्यासारखा थांबला आणि गढूळ पाण्यात गेला.

मामा बराच वेळ त्या जागेकडे बघत उभे होते.

"किलोभर तरी होतो," ते म्हणाले.

"बाबा, श्रावण," बायको म्हणाली.

"म्हणानच गप ऱ्हवलंय."